शेवटचा स्टॉक, फक्त सिरियस बायर

सकाळी आमच्या आरसीवाल्यांच्या, म्हणजे रिमोटच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या, ग्रुपवर एक फोटो पडला. टेबलावर एकसारख्या पिशव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत मागच्या अ‍ॅक्सलची रिंग आणि पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, सगळं सीलबंद. खाली ओळ होती: "शेवटचा स्टॉक. फक्त सिरियस बायर." किंमत मूळ किमतीच्या तिप्पट. वर डोळा मारणारा इमोजी.

डोकं फिरलं ते फिरलंच. म्हणून हे लिहितोय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, धोंड्यांवर चढणारी गाडी. पळणं हा तिचा धर्मच नाही. माणूस रमतगमत चालतो तेवढा वेग. एकास दहा प्रमाणातली, हातभर लांब, दोन-तीन किलो वजनाची. पण समोर गुडघाभर दगड आला की एकेक चाक टेकवत, तिरकी होत, श्वास रोखायला लावत वर जाते. पावसात आपल्याकडे गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेला खऱ्या जीपा चिखलात रुततात तेव्हा लोक छत्र्या घेऊन बघायला जातात, आणि तोच उद्योग आम्ही छोट्या गाडीने म्हादईच्या पात्रात केला की "या वयात खेळणी?" असो. ते भांडण पुन्हा कधीतरी.

तर फोटोतले भाग ज्या मॉडेलचे, ते माझं मॉडेल कंपनीने बंद केलंय. गाडी ठणठणीत आहे, पण तिचे भाग आता बनवले जात नाहीत. दुकानदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, ते आता येत नाही, नवीन मॉडेल घ्या ना." कशाला घेऊ? माझी गाडी मेली आहे का? एक दातेरी चाक झिजलं म्हणून गाडी फेकायची, हा हिशोब आपल्या पिढीला पटत नाही. आपल्या घरात मिक्सरचं भांडं तीनदा कपलर बदलून चालतं. तुम्हाला हे मी समजावून सांगायची गरज नाही.

बरं, नव्या गाड्या जास्त चांगल्या चढतात. त्यांचा चाकांना जोडणारा दांडा चाकाच्या मध्यापेक्षा उंच असतो, त्या पोर्टल अ‍ॅक्सलमुळे पोट दगडाला कमी घासतं. मान्य. पुढे.

आता वाळपईच्या भाऊंची गोष्ट सांगतो, कारण आज सकाळपासून तेच डोळ्यांसमोर आहेत. एप्रिलमधला रविवार होता. म्हादईचं पाणी उतरलेलं, पात्रातले धोंडे उघडे. माझी गाडी एका फटीत मागचं चाक अडकवून बसली आणि मी, सगळे बघताहेत म्हणून, थ्रॉटल ओढला. मागून कट-कट-कट असा आवाज. ज्याने तो ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. चाक अडकलेलं असताना मोटरचा सगळा जोर त्या दोन छोट्या गिअरांच्या दातांवर येतो, आणि कोणीतरी माघार घ्यावीच लागते. दगड घेत नाही.

भाऊ काही न बोलता खाली बसले. अ‍ॅलन-कीने अ‍ॅक्सलचं झाकण उघडलं. आतलं ग्रीस काळं पडलेलं, त्यात लोखंडाचा चुरा चकाकत होता आणि पिनियनचे दात चघळलेल्या गोळ्यांसारखे गुळगुळीत. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, त्यातून तेलकट कागदात गुंडाळलेला जोड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यांच्याकडचा तेवढाच होता. मॉडेल तेव्हा बंद झालेलं होतं आणि त्यांचीही गाडी तीच. मी पाकीट काढलं तर म्हणाले, "व्हर रे. पयशे नाकात." म्हणजे, ने रे, पैसे नकोत.

आणि आज सकाळी हा फोटो.

कोणी म्हणेल, माल त्याचा, पैसे त्याचे, कितीला विकायचं ते तो ठरवेल. ठरवू दे. कायद्याने त्याला कोणी अडवत नाही. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातलं माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचं, सगळं सामान एकानेच उचललं आणि घरी बसून तिप्पट भावाने विकायला काढलं, तर आपण त्याला व्यापारी म्हणू की आणखी काही?

राग साठवण्यावर नाही, हे लक्षात घ्या. साठवलंच पाहिजे. बंद पडलेल्या मॉडेलचे स्पेअर वेळेत घेतले नाहीत तर पुढे डोक्याला हात लावून बसावं लागतं. २०१८ मध्ये अमेरिकेतली हॉबिको ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा एक्सियल हा क्रॉलरवाल्यांचा लाडका ब्रँड हॉरायझन हॉबी या दुसऱ्या कंपनीकडे गेला. ब्रँड वाचला, पण मधल्या काळात आमच्या पोटात गोळा आला होता. तेव्हापासून शहाणा माणूस थोडं बाजूला टाकून ठेवतो. जपानची तामिया आपल्या जुन्या गाड्या पुन्हा काढते, १९८४ ची हॉर्नेट २००४ मध्ये परत बाजारात आणली, पण सगळ्यांच्या नशिबी तामिया नसते.

फक्त काय साठवायचं ते कळलं पाहिजे, आणि इथेच लोक वेड्यासारखं करतात. घाबरून बेअरिंगांचे डबे भरतात. अरे, पाच-दहा-चार मिलिमीटरचं बेअरिंग जगभर एकाच मापाचं असतं. गाडी बंद झाली म्हणून बेअरिंग बंद होत नाही. एम३ चे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर), ईएससी (वेग सांभाळणारं सर्किट), ५४० मापाची मोटर, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, यातलं काहीच मॉडेलचं नसतं. १२ एमएमच्या हेक्सवर, म्हणजे षटकोनी तुकड्यावर, बसणारं चाक कुठल्याही कंपनीचं चालतं. शॉकसुद्धा लांबी जुळली की बसतात.

जे फक्त तुमच्याच गाडीचं आहे तेच घ्या. रिंग-पिनियन, जोडीनेच, कारण जुन्या रिंगला नवा पिनियन लावला तर तो लवकर झिजतो. अ‍ॅक्सलचं हाउसिंग. पुढचे सी-हब आणि नकल, म्हणजे पुढची चाकं धरून वळवणारे सांधे, कारण गाडी कड्यावरून उलटली की पहिले तेच तुटतात. गिअरबॉक्सचं कवच आणि आतले गिअर. झालं. एका गाडीला एवढं पुरे, आणि ते बिस्किटांच्या डब्यात मावतं.

आणि घेण्याआधी पार्ट नंबर बघा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये तोच अ‍ॅक्सल वापरलेला असतो आणि ते मॉडेल अजून चालू असतं, असं पुष्कळदा निघतं. थ्रीडी प्रिंटरवाले मित्र म्हणतील, सी-हब आम्ही छापून देतो. द्या. रिंगगिअर छापून दगडावर चालवून दाखवा, मग बोलू.

आपल्या हवेचंही ऐका. गोव्यात स्पेअर ठेवणं म्हणजे अर्धं काम गंजाशी. लोखंडी गिअर कोरडे पिशवीत टाकलेत तर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके येतात. तेलाचा हात फिरवा, पिशवी बंद करा, सिलिका जेल टाका. नायलॉनचे भाग मात्र दमटपणाला घाबरत नाहीत, उलट थोडी ओल शोषून ते चिवट होतात. त्यांचा शत्रू ऊन, तेव्हा खिडकीपाशी ठेवू नका. टायर आणि आतला फोम साठवून उपयोग नाही, रबर आपोआप तडकतं. आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्यांचा साठा तर कृपा करून घरात करू नका, त्या पडून पडून फुगतात.

भाऊंच्या डब्यात हे सगळं बरोब्बर तसंच होतं. तेलकट कागद, लेबल, बॉलपेनने लिहिलेला पार्ट नंबर. कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेरून मागवायचं म्हटलं तर तेही बघा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. आपले कारखाने उभे राहावेत म्हणून. राहू देत, चांगलंच आहे. पण बंद पडलेल्या अमेरिकन गाडीचा पिनियन आपल्याकडे कोणता कारखाना काढणार आहे? २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं तेव्हा खूप आनंद झाला होता. मोबाइल, घरातली उपकरणं, वाहनं, शेतीची अवजारं, सगळं होतं. आमची गाडी कोणाच्याच हिशोबात नाही. म्हणून आम्हीच एकमेकांचे. म्हणून तर तो ग्रुप.

हे टाइप करत असताना त्या फोटोवाल्या गृहस्थांचा मेसेज आला, "भावा, तुला कमी करून देतो, दुप्पट दे." भावा! आयुष्यात ज्याची गाडी एकदाही ओली झालेली मी पाहिली नाही, तो मला भावा म्हणतोय. त्याच्याकडे ते मॉडेलच नाही हो. नुसत्या पिशव्या आहेत.

जाऊ दे. त्याच्याही घरचं काही असेल, पैशांची गरज असेल, मला काय माहीत. पण ग्रुपमध्ये एक साधा नियम हवा असं मला वाटतं: ज्याच्याकडे गाडी आहे त्याला आधी, मूळ बिलाच्या भावाने. उरलं तर मग विका बाहेर हव्या त्या किमतीला. अ‍ॅडमिन, वाचत असाल तर बघा.

भाऊंना मी पुढे एक जोड मिळवून दिला तेव्हा त्यांनी तो घेतला, डब्यात ठेवला, आणि पुढच्याच फेरीत डिचोलीच्या एका कॉलेजच्या पोराला देऊन टाकला. मी चिडलो. ते म्हणाले, "ताची गाडी बंद आसली मरे."

आता कामाचं. माझ्याकडे उजव्या बाजूचा एक नकल जास्तीचा आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचा एक जोड. ज्याची गाडी आत्ता बंद पडलेली आहे त्याने इनबॉक्स करा, बिलाचा फोटो पाठवतो, तेवढेच द्या. सांखळी, डिचोली, फोंडा या बाजूला असाल तर आणून देतो. मला डाव्या बाजूचा सी-हब हवाय, वापरलेला चालेल. सिरियस बायरांनी मेसेज करू नये.