दोनदा अधोरेखित

बैठकीत सगळ्यांसमोर लॅपटॉप असतात आणि माझ्यासमोर वही. लॅपटॉपवाल्यांपैकी निम्मे त्या वेळी भलतंच काही बघत असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वहीवाल्याला ती सोय नाही. पेनाचं टोपण काढून बसलेला माणूस मन लावून ऐकतच असणार, असा जगाचा समज आहे. या समजावर मी नोकरीची बरीच वर्षं काढली.

पेनही शाईचं. बॉलपेनचं पेटंट लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये घेतलं, पण माझ्याकडून त्याला अजून मंजुरी मिळालेली नाही.

शेजारच्या खुर्चीवरचा तरुण सहकारी मला अधूनमधून विचारतो, "सर, अजून हाताने?" त्याच्यासाठी माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. प्रिन्स्टन आणि यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठांच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी वक्त्याचा शब्दन् शब्द उतरवतात. हाताने लिहिणाऱ्याचा वेग तेवढा नसतो, म्हणून त्याला निवडावं लागतं, आणि निवडायचं तर समजून घ्यावं लागतं. आशय विचारणाऱ्या प्रश्नांत हातवाले सरस ठरले. हे मी त्याला इतक्या वेळा ऐकवलं की एक दिवस त्याने शोधून काढलं, पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक काही एवढा ठळक दिसला नाही. ही माहिती मी वहीत उतरवून घेतली नाही. निवड म्हणतात ती हीच.

आता अक्षराबद्दल. लहानपणी मीही दुरेघी वहीत पुस्त्या काढल्या, कित्ते गिरवले. अक्षर चांगलं होतं म्हणे. मग वेग वाढला आणि एकेक गोष्ट गळत गेली. आधी ऱ्हस्वदीर्घाचा भेद गेला, मग मात्रा अनुस्वारासारख्या दिसू लागल्या आणि शेवटी शिरोरेषाच गेली. ती शोभेची रेघ आहे असं मला वाटायचं. पण देवनागरीत म आणि भ, घ आणि ध, य आणि थ यांचा अर्धा संसार त्या रेघेवर असतो. ती कुठे सलग आहे आणि कुठे तुटली यावरूनच ते ओळखू येतात. रेघ काढून घेतली की 'धडा' आणि 'घडा' एकाच घरात राहायला येतात. 'ख'चा पाय जोडायला विसरलो की त्याचा 'रव' होतो. त्यात मला मागाहून सुचण्याची खोड. राहिलेला शब्द घुसवायला काकपद, त्या शब्दात आणखी काही घुसवायला दुसरं काकपद. पान बघून खरंच कावळा चालून गेलाय असं वाटतं. कुणी विचारलंच तर 'मोडीचा परिणाम' असं सांगून मी सुटका करून घेतो. यात तथ्य शून्य आहे. मोडीत तर शिरोरेषा आधी ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहायचे.

तर परवा एक लांबलचक बैठक झाली. दोन दिवसांनी साहेबांनी विचारलं, "शेवटी काय ठरलं होतं?" लॅपटॉपवाल्यांकडे मिळून चाळीसेक पानं निघाली. त्यात साहेबांची खोकल्याची उबळसुद्धा होती, फक्त ठरलेलं काय ते नव्हतं. मग सगळे माझ्याकडे वळले. "यांनी लिहून घेतलंय. शेवटी जोरजोरात रेघा मारत होते, मी पाहिलंय."

माझ्या वहीत शोधाची खिडकी नाही, पण मला जागा आठवते. डावं पान, मधोमध, पाण्याने शाई पसरली होती तिथून चार बोटं खाली. उघडलं. ओळ होती. अलीकडे एक चांदणी, पलीकडे एक चांदणी, खाली दोन ठसठशीत रेघा. दोनच शब्द. आणि ते मला वाचता येईनात.

तरुणाने फोन पुढे करून ओळीचा फोटो काढला. फोनने क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, 'येत मरणे'. तरुण म्हणाला, "'येथे मरणे' असेल, सर." हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि ठामपणे म्हणाल्या, "अहो, 'वेळेत भरणे' आहे ते. स्पष्ट आहे." त्यांच्या आवाजात असं काही होतं की सगळ्यांना ते तसंच दिसू लागलं. मलासुद्धा. काय भरायचं हे कुणी विचारलं नाही. ज्याच्याकडे जे तुंबलं होतं ते त्याने भरायला घेतलं. कुणी प्रवासखर्चाचा तक्ता, कुणी रजेचा अर्ज, कुणी मागच्या तिमाहीचा अहवाल. दोन दिवसांत एवढी कामं उरकली की साहेबांनी माझ्या टिपणाचं सर्वांदेखत कौतुक केलं.

मला मात्र झोप येईना. फर्मा नावाच्या गणितज्ञाने १६३७ च्या सुमारास पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं होतं की माझ्याकडे या प्रमेयाची सुरेख सिद्धता आहे, पण समास अपुरा पडतोय. लोक साडेतीनशे वर्षं झटले. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ मध्ये छापून आली, तीही शंभरावर पानांची. पण फर्माचं निदान वाचता तरी आलं.

रात्री पान उलटून मागच्या बाजूने बघितलं. खालच्या पानावर उमटलेल्या खुणांवर हलक्या हाताने पेन्सिल घासली. तेच दोन शब्द पांढरे होऊन वर आले, पूर्वीइतकेच अगम्य. शेवटी वैतागून पेन घेतलं आणि त्याच ओळीवरून कित्ता गिरवायला लागलो. डोळ्यांना कळत नव्हतं, पण हाताला वाट ठाऊक होती. पहिल्यांदा नुसती वळणं. दुसऱ्यांदा पहिलं अक्षर 'प' आहे हे कळलं. तिसऱ्यांदा हात आपसूक तिथेच अडखळला, जिथे त्या दिवशी अडखळला होता, आणि लख्ख आठवलं.

'पेन भरणे.'

शाई संपत आली होती. चांदण्या निब चालतंय का ते बघायला होत्या. पहिली रेघ फिकट उमटली, म्हणून पेन झटकून त्यावर दुसरी ओढली होती. आणि त्या ओळीखालचं पान कोरं का, हेही आता समजलं. इतके दिवस मी समजत होतो, बैठक तिथेच संपली.