शिबिरात नाव दिलं की पोट्टा आत? कोणी सांगितलं?

रविवारी नागपुरात सक्करदऱ्याला मावशीकडे गेलो होतो. तिचा धाकटा एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या नादी लागलाय, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. वस्तीतल्या समाजभवनात कोर्टाशी जोडलेल्या विधी सेवा प्राधिकरणाचं व्यसनमुक्ती शिबिर झालं, घरापासून दोन मिनिटांवर. मावशी गेलीच नाही. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला: "नाव लिहून घेते अन् ठाण्यात देते म्हणे. नको रे बापा."

तोच तो मेसेज. माझ्याकडे चार ग्रुपांतून आलाय. "कोर्टाची शिबिरं म्हणजे सापळा. नाव दिलं की केस. तिकडे विकणाऱ्यांना मात्र कोर्ट सोडून देतं. त्यापेक्षा पोराला खोलीत कोंडा, आठ दिवसांत सुटते."

लिहिणाऱ्यानं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा उघडूनही पाहिलेला नाही. 1985 च्या या कायद्यात कलम 64अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचा. मधेच सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे ज्या दारात गेल्यानं पोट्टा वाचू शकतो, त्याच दाराला हा मेसेज कुलूप लावतोय. समजा दोषी ठरला, तरी कलम 39 खाली न्यायालय त्याच्या संमतीनं, बंधपत्रावर, त्याला उपचाराला पाठवू शकतं. आणि शिबिरं काही काल उगवलेली नाहीत. नशेच्या बळींना कायदेशीर मदत द्यायची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना 2015 ची आहे.

एक मात्र मान्य करावं लागेल. सेवन हा आजही गुन्हाच आहे, आणि पोलिसांनी पकडल्यावर 64अ आपोआप लागत नाही. वकिलाला ते कोर्टापुढे मांडावं लागतं. मावशीची भीती अगदीच हवेतली नाही. पण ऐपत नसेल तर तो वकील मोफत देणारं प्राधिकरण तेच, ज्याच्या शिबिराला ती गेली नाही!

विकणाऱ्यांना सोडतात म्हणे. कायद्यानं एमडीची अल्प मात्रा 2 ग्रॅमपर्यंत, व्यापारी म्हणजे मोठी मात्रा 50 ग्रॅमच्या वर. व्यापारी मात्रेला किमान 10 वर्षं सक्तमजुरी, जामीनही सहजी नाही. पुढे बोलायची गरज वाटत नाही.

कोंडण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मेसेज वाचून कोणी दारुड्यालाही कोंडेल, आणि रोजची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, माणूस भ्रमात जातो, जीवही जाऊ शकतो. ते काम मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांचं आहे, बाहेरून कडी लावणाऱ्या काकांचं नाही.

मावशीला सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तो कलमाचा नंबर लिहून दे." किराण्याच्या बिलामागे 64अ लिहिलं, खाली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, 14446. बिल तिनं चहाच्या डब्याखाली सरकवलं. मावसभाऊ तेव्हा आतल्या खोलीत झोपला होता, दुपारचे दोन वाजले तरी.