कैरो ते जोहान्सबर्ग म्हणे चार तास!

“कैरोहून जोहान्सबर्ग सरळ खाली. जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर, चार तासांचं काम. तिकिटावर पंधरा तास दाखवतात ती विमान कंपन्यांची लूट.” असा मजकूर नकाशासकट फिरतोय. त्यातलं ‘सरळ खाली’ तेवढं खरं.

आधी अंतर. याला ॲप लागत नाही, शाळेतला भूगोल पुरतो. कैरोचा विमानतळ साधारण ३०.१ अंश उत्तरेला, जोहान्सबर्गचा ओ. आर. टाम्बो २६.१ अंश दक्षिणेला. रेखांश जवळपास सारखेच, ३१ आणि २८ पूर्व. मध्ये विषुववृत्त असल्याने अक्षांशांची बेरीज करायची: ५६.२ अंश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरा, की साधारण ६,२५० किलोमीटर होतात. साडेतीन हजारांत कैरोहून लंडन गाठता येतं! आपली मुंबईसुद्धा कैरोपासून ४,३४० किलोमीटरवर, म्हणजे जोहान्सबर्गपेक्षा बरीच जवळ.

मग डोळे का फसतात? भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं सगळं फुगतं. ६० अंशांवर तर अंतर दुप्पट दिसतं. युरोप आणि ग्रीनलंड सुजतात, त्यांच्या शेजारी आफ्रिका बिचारी लहान वाटते. प्रत्यक्षात तिच्यात ग्रीनलंड चौदा वेळा मावेल.

आता वेळ. ताशी ८५०-९०० किलोमीटर वेग, वर चढणं-उतरणं आणि धावपट्टीपर्यंतचं रांगणं, असं धरलं तर थेट विमानालाही आठेक तास लागतात. त्यात सरळ रेषा सुदानवरून जाते. एप्रिल २०२३ मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि ते आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. मग वळसा आलाच.

राहिली लूट. पंधरा तासांत मधल्या विमानतळावर बसून काढलेले तासही मोजलेले असतात. अदिस अबाबामार्गे गेलात तर अंतर ६,५४० किलोमीटर, थेट रेषेपेक्षा जेमतेम तीनशे जास्त. दुबईमार्गे मात्र ८,८०० च्या पुढे. आफ्रिकेतल्या आफ्रिकेत विमानप्रवास महाग पडतो, ही तक्रार मी खोडून काढणार नाही. आफ्रिकी देशांनी एकमेकांना आकाश खुलं करायचं, हे आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रो शहरात १९९९ मध्येच ठरलं, आफ्रिकी संघाने २०१८ मध्ये एकच हवाई बाजारपेठ जाहीर केली, तरी हे काम अजून अर्धवटच आहे. पण त्याचा किलोमीटरशी काय संबंध?

तिकिटावरची वेळ वाचताना आणखी एक गंमत होते. दक्षिण आफ्रिकेचं घड्याळ वर्षभर तेच राहतं, इजिप्तमध्ये मात्र २०२३ पासून उन्हाळ्यात पुन्हा काटे तासभर पुढे सरकवतात. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री अकराला कैरोहून सुटलेलं विमान तिकडच्या घड्याळात सकाळी सहाला उतरलेलं दिसतं, म्हणजे सातच तास. परतीच्या तिकिटावर त्याच प्रवासाला नऊ तास लागलेले दिसतील.