‘गॅस लावा, घण मारा’: किंगपिनच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

जाम झालेल्या किंगपिनवरच्या, म्हणजे ट्रकचं पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पिनला तीन दिवस तेल पाजा म्हणणाऱ्याला गाडीचा हप्ता भरावा लागत नाही. उरणच्या बंदराची एक फेरी गेली की महिन्याचं गणित बिघडतं. तुमचे मिस्त्री गॅसने एक्सलचं टोक लाल करतात, घणाचे दहा-बारा घाव घालतात आणि दोन तासांत पिन जमिनीवर असते. वीस वर्षांत एकही एक्सल तुटलेला नाही, म्हणून माझा लेख पुस्तकी.

हप्त्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो लेखात यायला हवा होता. कळंबोलीत माझ्या गाळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बहुतेक गाड्या एकट्या मालकाच्या आहेत. त्यांना ‘तीन दिवस गाडी ठेवून जा’ असं सांगताना मलाही जड जातं. पण ते तीन दिवस गाडी उभी ठेवूनच घालवावे लागतात असं नाही. त्याकडे पुढे येतो. आधी गॅसबद्दल, कारण तिथे मी माघार घेणार नाही.

पिन नेमकी कुठे धरते ते बघा. वर एक बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी), खाली एक बुश आणि मधे बीमचा, म्हणजे एक्सलच्या आडव्या दांड्याचा, बोअर (पिन बसते ते भोक). बुशांना निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस मिळतं. बोअरमध्ये पिन फिरायचीच नसते, तिथे ती कॉटरने (आडव्या पाचरीने) आवळलेली असते आणि ग्रीस तिथवर पोचत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर्षभर खाडीची खारी हवा, आणि तुर्भे-कळंबोलीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्यातून जाणं रोजचंच. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. बोअरमध्ये जागा नसतेच, म्हणून तो पिन आवळत जातो. जाम म्हणतो ते हेच.

आता बीम. तो नुसता लोखंडाचा ठोकळा नाही. घडवल्यावर तो तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याची ताकद बसवलेली असते. ते शेवटचं तापवणं साधारण ६०० अंशांच्या आसपासचं असतं. गॅसने टोक लालभडक होतं तेव्हा आपण ७०० च्याही पुढे गेलेलो असतो, म्हणजे कारखान्यात बसवलेली ताकद तेवढ्या भागातून निघून गेली. त्यावर घाई म्हणून कोणी पाणी मारलं, तर तीच जागा काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. पाणी मारताना मी लोकांना पाहिलं आहे. १६ टनी गाडीच्या पुढच्या एक्सलवर ६ टन येतात. ते ६ टन घेऊन गाडी बोर घाटात ब्रेक दाबत उतरते, तेव्हा सगळा मार याच टोकावर असतो.

वीस वर्षांत एक्सल तुटला नाही, हे खरं असेल. पण खराब झालेला एक्सल तुटूनच दाखवतो असं नाही. माझ्याकडे एक जुनी गाडी आली होती. डावा टायर एका कडेने खात होती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये वर्षभरात दोनदा किंगपिन बदलून झाल्या होत्या. नवी पिन मी हाताने बोअरमध्ये घातली, तर ती अंगठ्याच्या जोराने खालपर्यंत गेली आणि आत डुगडुगली. मापून पाहिलं तर बोअर वरच्या तोंडाला पसरलेला आणि अंडाकृती. आधी कधीतरी तापवून घण मारलेला, ते वरच्या काळ्या-निळ्या खुणांवरून कळत होतं. अशा बोअरमध्ये कॉटर कितीही आवळा, पिन बोअरमध्ये हलत राहते. शेवटी बीम बदलावा लागला. मालकाने त्यापायी जे पैसे घातले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

उष्णतेशी माझं वैर नाही. ४५ मिलिमीटरचा बोअर पिनपेक्षा १०० अंशांनी जास्त तापला, तर तो साधारण ०.०५ मिलिमीटर फुगतो. गंजाची पकड सुटायला कित्येकदा तेवढं पुरतं. म्हणजे लाल करायची गरजच नाही. तरी कंपन्या बीम तापवू नका असंच सांगतात, म्हणून मी ते शेवटच्या उपायांत ठेवतो. करायचंच असेल तर बीमवरची एक जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्या. तिथे गवती पिवळा रंग आला की साधारण २०० अंश झाले, तिथेच थांबा. निळा दिसला तर ३०० च्या जवळ आहात. पाणी अजिबात मारायचं नाही. आणि चाक, ब्रेकचा पाइप, हबचं ग्रीस हे सगळं आधी काढलेलं, पुसलेलं हवं.

घणाबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, पण तीच महत्त्वाची आहे. गाडी पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) उभी असताना मारलेल्या घावातला अर्धा जोर पाटे गिळतात. बीमखाली, टोकाच्या जमेल तितकं जवळ, जड टेकू द्या. पाटे दबून घट्ट झाले की तोच घण दुप्पट काम करतो. पिनवर थेट घण नको, मधे पितळी दांडा धरा. पिनचं डोकं फुगलं तर ती बोअरमधून कशीच जाणार नाही. शिवाय पिनचा वरचा थर कडक असतो, त्याचा कपचा उडाला तर डोळा जातो. चष्मा घातल्याशिवाय माझ्या गाळ्यात कोणी हे काम करत नाही. हायड्रॉलिक प्रेस मिळाली तर सगळ्यात उत्तम. जोर देऊन ठेवायचा आणि बोअरच्या बाजूला एक हातोडा टेकवून समोरून दुसरा मारायचा. पिनच्या सरळ रेषेत मात्र उभं राहायचं नाही, सुटते तेव्हा ती गोळीसारखी येते.

एवढ्यानेही हलली नाही, तर खराब करायची ती पिन, बीम नाही. पिनचं कडक टोक ग्राइंडरने घासा, आतला गाभा मऊ असतो. त्यात मधोमध आरपार ड्रिल मारला की पिनचा ताण सुटतो. मग गॅसची ज्योत त्या भोकात, पिनवर वापरा. चारी बाजूंनी जखडलेली पिन तापून थंड झाली की आकसते. हे मी लेखात लिहिलं नव्हतं आणि ते राहायला नको होतं.

आता ते तीन दिवस. गाडी चालू ठेवूनही तेल देता येतं. आठवडाभर रोज संध्याकाळी बोअरच्या वरच्या-खालच्या फटीत आणि कॉटरच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारा स्प्रे मारा. रस्त्याचे हादरे तेल आत न्यायला मदत करतात. शनिवारी रात्री गाडी उभी केली की कॉटर काढा. नट थोडा सैल करून, तो आट्यांवर ठेवूनच ठोका म्हणजे आटे वाचतील. कॉटरच्या भोकातून तेल थेट बोअरच्या पोटात, पिनवर पडतं. वरून तीन दिवस सोडलेल्या तेलापेक्षा या भोकातून एका रात्रीत जास्त काम होतं. कॉटर काढल्यावर गाडी एक फूटही हलवायची नाही, एवढं ड्रायव्हरला बजावून ठेवा. रविवारी पिन निघते आणि सोमवारी बुश बसवून, रीमरने भोक मापात घासून, गाडी बाहेर. तुमचा एक दिवस जातो, फार तर दीड.

तुमच्या तिसऱ्या गाडीचं डावं चाक साठच्या पुढे थरथरतं असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर हबचं बेअरिंग बघा. ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर किंगपिनच आहे. तसं असेल तर आज संध्याकाळपासूनच स्प्रे सुरू करा.