क्लच जळाला की दोष नेहमी पायाचाच का?

आज सकाळी गाडीच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी गेलो होतो आणि शेजारच्या टेबलावर जे कानावर पडले त्याने दिवसभर डोके तापलेले आहे. पंचविशीतला एक मुलगा सर्व्हिस ॲडव्हायझरसमोर बसला होता, बहुधा कर्जावर घेतलेली त्याची पहिलीच गाडी असावी, आणि २८ हजार किलोमीटरला क्लच कसा काय गेला, एवढे एकच तो परत परत विचारत होता. उत्तरही दर वेळी तेच मिळत होते, "सर, ते तुमच्या ड्रायव्हिंगवर असतं." गाडी अजून लिफ्टवर चढलेलीसुद्धा नव्हती, गिअरबॉक्स उतरवण्याची गोष्ट तर पुढची होती, तरी निदान झालेले होते, दोषी ठरलेला होता आणि फक्त खर्चाच्या अंदाजावर सही घ्यायची राहिली होती. त्या मुलाने ती सही केली. क्लचची जुनी प्लेट दाखवाल का, एवढेही त्याने विचारले नाही, कारण असे विचारता येते हेच त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

मला लगेच आमच्या धाकट्या बहिणीचे प्रकरण आठवले. ती वाईत राहते आणि पाचगणीतल्या एका शाळेत शिकवते, म्हणजे पसरणी घाट हा तिचा रोजचा रस्ता आहे. तिच्या डिझेल गाडीचा क्लच ३४ हजार किलोमीटरला घसरू लागला. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडीचा वेग जागचा हलायचा नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये तिला सांगण्यात आले की मॅडम क्लचवर पाय ठेवून चालवतात. तेही तिला थेट सांगितले नाही, तर सोबत गेलेल्या आमच्या मेहुण्यांकडे बघत, "लेडीज ड्रायव्हर असल्या की असं होतं, सर," असे हसून सांगितले. ज्या बाईने वर्षानुवर्षे धुक्यात आणि पावसात तो घाट चढून-उतरून गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही, तिला हे ऐकवले गेले. मेहुणे स्वतः घाटात गाडी चालवायला घाबरतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. बिल ३१ हजार रुपयांचे झाले आणि तिने ते निमूटपणे भरले.

पुढचे सांगण्यापूर्वी क्लच झिजतो म्हणजे नेमके काय होते ते सांगायला हवे, कारण ते समजून घेतल्याखेरीज आपण सगळेच त्या टेबलासमोर असे मुके होऊन बसतो. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, फिरत असते आणि स्प्रिंगच्या जोरावर प्रेशर प्लेट गिअरबॉक्सकडे शक्ती नेणाऱ्या क्लचप्लेटला त्याच्यावर दाबून धरते. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा तिन्ही एकत्र फिरतात आणि प्लेट झिजत नाही. पेडल पूर्ण दाबलेले असते तेव्हा प्लेट सुटी असते, त्यामुळे तेव्हाही ती झिजत नाही, मात्र पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची पकड सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार राहतो. झीज होते ती या दोन अवस्थांच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो त्या अवस्थेत, कारण तेव्हा दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतात आणि इंजिनाच्या शक्तीचा मोठा वाटा चाकांकडे न जाता तिथेच उष्णता होऊन बसतो. घाटात नाकाला झोंबणारा जो जळका वास येतो तो त्या प्लेटच्या अस्तरातील राळ करपल्याचा असतो. अस्तर असे एकदा करपून चकचकीत झाले की त्याची पकड कायमची कमी होते, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात आणि मग गाडी सुटताना थरथरू लागते. नीट वापरलेला क्लच ८० हजार ते १ लाख किलोमीटर सहज जातो आणि महामार्गावरच जास्त धावणाऱ्या गाडीत तो त्याच्याही पुढे टिकतो. तोच क्लच वीस-तीस हजारांत संपला तर काहीतरी बिघडलेले आहे हे उघड आहे. प्रश्न एवढाच उरतो की बिघाड कुठे आहे, आणि त्याचे उत्तर गाडी उघडल्याशिवाय कोणालाही देता येत नाही.

आता मान्य करायचे ते करतो. बहुतेक वेळा दोष चालवणाऱ्याच्या पायाचाच असतो. सिग्नलला गिअर न काढता पेडल दाबून मिनिटभर थांबणारे, चढावर ब्रेक लावण्याऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे, गाडी सुटली तरी डावा पाय पेडलवरून न उचलणारे आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उठवणारे आपल्यातच आहेत, आणि सहा जणांच्या सामानासकट कॅरिअर भरून कोकणात उतरणारेही आपणच. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात काच खाली करून पाहा, म्हणजे वळणावळणावर कोणाचा ना कोणाचा क्लच भाजला जात असल्याचा वास येईल. हे सगळे मला ठाऊक आहे.

पण हे न करायला आपल्याला शिकवले कोणी? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, त्यामुळे चढ आला की तोच दाबतो आणि तोच सोडतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपणच गाडी उचलली. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडत गाडीचे नाक किंचित उचलल्याचे जाणवले की ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा, ही साधी रीत मला कोणत्याही शाळेने शिकवली नाही, ती वडिलांच्या एका ट्रकचालक मित्राने शिकवली. लायसनच्या चाचणीचे म्हणाल तर माझ्या ओळखीतल्या एकाचीही चाचणी चढावर झालेली नाही. सपाट मैदानात आठचा आकडा काढला की लायसन हातात पडते आणि दुसऱ्या दिवशी माणूस सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये तासभर सरकत राहतो. दुचाकीवाला दोन्ही बाजूंनी घुसतो, मागचा हॉर्न वाजवतो, पुढे पाच फूट जागा झाली तरी ती भरून काढावी लागते, आणि प्रत्येक पाच फुटांमागे ती प्लेट थोडी घासली जाते. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत अशा रस्त्यांचा उल्लेख नसतो आणि बिलात तर मुळीच नसतो.

बहिणीच्या गाडीचे पुढे काय झाले ते आता सांगतो, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. नवा क्लच बसवून वर्षही झाले नव्हते आणि गाडी पुन्हा तशीच घसरू लागली. सर्व्हिस सेंटरचे उत्तर तयारच होते, की मॅडमनी सवय बदललेली दिसत नाही. ती रडकुंडीला आली. आता स्वतःच्या पायावरचाच तिचा विश्वास उडाला होता, आणि "दादा, मला खरंच गाडी चालवता येत नाही का रे?" असे तिने मला फोनवर विचारले. पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळणारी, दहावीचे गणित शिकवणारी ही बाई. शेवटी वाईतल्याच एका साध्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला आणि काही न बोलता तिला जवळ बोलावून आतला भाग दाखवला. क्लचच्या घरात सगळीकडे तेल पसरलेले होते आणि प्लेट तेलाने माखून काळी पडली होती. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल आत अडवून धरणारे जे ऑइल सील असते ते गळत होते आणि तेच तेल प्लेटवर येत होते. तेल लागलेली प्लेट घसरणारच, मग पेडलवर कोणाचाही पाय असो. त्या सीलची किंमत हजार रुपयांच्या आतली होती.

पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्स उतरवला तेव्हा हे तेल कोणाला दिसलेच नाही, हे मला पटत नाही. क्लच बदलणाऱ्या माणसाचे तोंड त्या जागेपासून हातभर अंतरावर असते. पण सील गळते असे जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद असते त्या कागदावर, लिहिले असते तर तो गाडीतला दोष ठरला असता, गाडी वॉरंटीत होती आणि खर्च कंपनीच्या खात्यावर गेला असता. "ड्रायव्हिंगची सवय" असे लिहिले की मात्र खर्च ग्राहकाचा होतो. क्लचप्लेट, ब्रेक पॅड, वायपरची रबरे यांना झिजणाऱ्या वस्तू म्हणून वॉरंटीतून वगळलेले असते, वाढीव वॉरंटीचे वेगळे पैसे भरले तरी बहुतेक ठिकाणी ते वगळलेलेच राहतात, आणि प्लेट ही झिजणारी वस्तू आहे याबद्दल माझी तक्रारही नाही. पण सील गळाल्यामुळे प्लेट खराब झाली, तर तिला झीज म्हणणे ही लबाडी आहे, आणि ती लबाडी चालते ती केवळ ग्राहकाने आतला भाग पाहिलेला नसतो म्हणून.

पैशांचेही बोलायला हवे. लहान पेट्रोल गाडीत क्लच सेट आणि मजुरी धरून साधारण आठ-दहा हजारांत भागते. डिझेल गाडीत तेच वीस-तीस हजारांवर जाते, आणि गाडीला दोन भागांचे स्प्रिंगवाले फ्लायव्हील असेल व तेही बदलायला निघाले, तर आकडा पन्नास हजारांच्या पुढेही जाऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा. मजुरी एवढी का, असे अनेक जण विचारतात, तर त्याचे कारण खरे आहे. प्लेट स्वतः बदलायला वेळ लागत नाही, पण तिच्यापर्यंत पोचण्यासाठी ॲक्सल काढून अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणूनच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, असे सर्व्हिस सेंटर सांगते तेव्हा ते आपल्याला लुबाडत नसते. बेअरिंगचे थोडे पैसे वाचवायला जाल आणि सहा महिन्यांनी त्याच मजुरीत पुन्हा सापडाल. पण ज्या कामात गिअरबॉक्स एवढ्या खटाटोपाने खाली घेतला, त्याच कामात सीलकडे एक नजर टाकून दोन ओळी लिहायला काय लागत होते?

इथपर्यंत लिहिल्यावर राग थोडा उतरला आहे आणि सकाळच्या त्या ॲडव्हायझरचा चेहराही आठवतो आहे. तोही पोरच होता. त्याने आयुष्यात कधी गिअरबॉक्स उतरवलेला नसणार, त्याला महिन्याला ठरावीक धंदा आणायचा असतो आणि वरून जे वाक्य शिकवले आहे तेच तो बोलतो. ज्या मेकॅनिकने आत पाहिलेले असते त्याला ग्राहकासमोर येऊ देत नाहीत आणि जो समोर बसतो त्याने काही पाहिलेले नसते. ही रचना त्या मुलाने केलेली नाही.

म्हणून जे आपल्या हातात आहे ते तरी करा. क्लच गेला असे सांगितले की आधी फोरमनला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये संथ चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबा, आणि इंजिनाचे फेरे उडी मारतात पण वेग वाढत नाही हे स्वतः पाहा. गिअरबॉक्स उतरवल्यावर मला बोलवा, जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मला हवे, असे जॉबकार्डवर सहीच्या आधी लिहून घ्या. प्लेट कोरडी, पातळ झालेली आणि करपलेली असेल तर गुमान पैसे भरा आणि डावा पाय सुधारा. ती ओली, तेलकट असेल तर फोटो काढा आणि गळती कुठून आहे ते लेखी मागा. बहिणीने तेच केले, फक्त उशिरा केले. वाईच्या मेकॅनिककडचे फोटो आणि ती तेलकट प्लेट घेऊन ती सर्व्हिस सेंटरला गेली, तिथे कोणी दाद दिली नाही तेव्हा तिने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि काही आठवड्यांनी पहिल्या बिलातल्या सुट्या भागांचे पैसे "सदिच्छा म्हणून" परत आले. मजुरी परत मिळाली नाही, माफी तर नाहीच. "लेडीज ड्रायव्हर" म्हणणाऱ्या त्या माणसाने तिला नंतर फोन केला तो सर्व्हिसला दहापैकी दहा गुण द्या, असे सांगायला.

आता खाली कोणीतरी "ऑटोमॅटिक घ्या, कटकटच नको" असे लिहिणार हे मला दिसते आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या ज्या ऑटोमॅटिक गाड्या आहेत, म्हणजे एएमटी, त्यांच्यात आत तीच क्लचप्लेट असते, फक्त ती दाबायला आपल्या पायाऐवजी यंत्र असते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तीही तशीच करपते, आणि बदलण्याचा खर्च साध्या गाडीपेक्षा कमी येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे नेणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत ही प्लेट नसते हे खरे, पण तिची किंमत साध्या गाडीपेक्षा लाखभराने तरी जास्त असते, आणि शिक्षिकेच्या पगारातून आधीच्याच गाडीचे हप्ते जात असतील तर तो सल्ला आपल्यापाशीच ठेवा. विजेच्या गाडीबद्दलही तेच. बहिणीची गाडी आता ७० हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे, सील बदलल्यानंतरचा क्लच तोच आहे, घाट तोच आहे आणि चालवणारीही तीच आहे.