चारच्या गजराचं कौतुक बास, चहा कोण करतंय ते सांगा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला. तुमच्याकडंपण येऊन गेला असणार. उगवत्या सूर्याचा फोटो, खाली लाल अक्षरात 'पहाटे ४ ला उठणारा माणूस आयुष्यात कधी हरत नाही' आणि मग मुद्दे. चारला हवेत ४१ टक्के ऑक्सिजन असतो. शरीराला साडेचार तास झोप पुष्कळ झाली, वरची सगळी झोप म्हणजे आळस. २१ दिवस रेटा, सवय होते. पहाटे वाचलेलं जन्मभर विसरत नाही. उठल्या उठल्या दीड लिटर पाणी प्या. जगातली सगळी यशस्वी माणसं चारलाच उठतात. आणि हे सगळं आपल्या शास्त्रात आधीच लिहून ठेवलंय, दहा जणांना पाठवा.

असल्या मेसेजला मी अंगठा दाखवतो आणि पुढं सरकतो. हापण तसाच गेला असता, पण दाजींनी तो नुसता पाठवला नाही ओ, घरात लागू केला! भाचा अकरावीला, सायन्सला. क्लास सुटतो रात्री साडेआठला, घरी येऊन जेवून उरलंसुरलं लिहून झोपायला बारा. त्या पोराला चारला उठवायला सुरुवात. तीन आठवड्यांनी मी कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांच्याकडं गेलो तर पोरगं सोफ्यावर बसल्या जागी पेंगतंय. टेबलावर फिजिक्सची वही उघडी होती, त्याच दिवशीचं पहाटेचं पान. वर तारीख, खाली गणित नीट सुरू झालेलं. चौथ्या ओळीला अक्षर तिरकं. सहाव्या ओळीत तेच समीकरण परत, आठवीत परत तेच, आणि तिथनं पेनाची एक रेघ निघालीय ती पानाच्या कडेपर्यंत जाऊन पुढं सनमायक्यावरपण बोटभर उमटलेली. म्हंजे डोकं तिथंच टेकलं. त्याच आठवड्यात केएमटीच्या सिटी बसनं जाताना उतरायचं होतं बिंदू चौकात, जाग आली गंगावेशला. दाजी हसत सांगत होते ते. मला काय हसू आलं नाही.

म्हणून हे लिहायला बसलोय, आणि दाजी वाचणार हे माहीत असूनच लिहितोय.

ऑक्सिजनचं आधी उरकतो, कारण त्यात दम नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो, पहाटे चारला तेवढाच, दुपारी बाराला तेवढाच, रंकाळ्यावर तेवढाच आणि दाभोळकर कॉर्नरला तेवढाच. झाडं रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, उजेड लागतो त्याला, रात्री तीपण आपल्यासारखीच ऑक्सिजन घेतात. आणि ४१ टक्के झाला तर काय होईल हे ज्यानं गॅस कटिंग केलंय त्याला विचारा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावू देत नाहीत, ग्रीस तर लांबच, भडका उडतो. कारखान्यात बंद जागेत साडेतेवीस टक्क्यांच्या वर गेला तरी धोका धरतात. ४१ टक्क्यांत आक्कानं, म्हंजे माझ्या बहिणीनं, गॅस पेटवायला लायटर मारला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. काही मेसेजमध्ये ऑक्सिजनच्या जागी ओझोन असतो, तर ओझोन लांब वर आभाळात असलेला बरा, नाकात गेला तर फुफ्फुसाला वाईट, आणि जमिनीजवळचा ओझोन गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो, म्हंजे पहाटे तो उलट कमीच. बरं, थंडीत पहाटेची हवा शुद्ध असते म्हणणाऱ्यांनी एकदा जुन्या पेठांतनं चालत जावं, पाणी तापवायचे बंब पेटलेले असतात आणि धूर वर जायला तयार नसतो.

आता झोप. माझं भांडण खरं तर ह्या एका मुद्द्याशीच आहे.

साडेचार तास पुरतात हे कुणी सांगितलं? मेसेजात 'जपानी शास्त्रज्ञांच्या मते' एवढंच. कुठले शास्त्रज्ञ, नाव नाही गाव नाही. मी तुम्हाला एक गाव सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी ४८ धडधाकट तरुण माणसं लॅबमध्ये ठेवली, २००३ ला त्याचा पेपर आला. काही जणांना रात्री आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार, असं सलग १४ दिवस, आणि आणखी काही जणांना तीन दिवस अजिबातच झोपू दिलं नाही. दिवसभर त्यांच्या परीक्षा, लक्ष किती राहतं, हात किती पटकन चालतो, आकडे जमतात का. आठ तासवाले जवळजवळ होते तसे राहिले. चार आणि सहा तासवाले रोज थोडे थोडे घसरत गेले, आणि दोन आठवड्यांनी त्यांची घसरण सलग एक ते दोन रात्री न झोपलेल्या माणसापर्यंत जाऊन पोचली. सहा तासवालेपण, बरं का! सहा तास म्हंजे आपल्यातल्या निम्म्या लोकांना चैन वाटेल.

पण खरी गंमत पुढंच आहे. त्यांना रोज विचारायचे, किती झोप येतीय? पहिले काही दिवस ते म्हणाले लई येतीय, आणि नंतर तो आकडा वाढायचा जवळजवळ थांबला. माणसाला वाटायला लागलं जमलं आता, आणि इकडं परीक्षेत मात्र खालीच चाललाय. आता दाजींचं २१ दिवसांचं वाक्य परत वाचा, 'शरीराला सवय होते.' सवय झाली नाही ओ, कळायचं बंद झालं. दारू प्यालेला माणूस 'मी गाडी चालवू शकतो' म्हणतो तसलाच प्रकार.

आणि हे मला पेपर वाचून कळलं नाही, पेपर मागाहून हाताला लागला. मी सहा वर्षं शिरोली एमआयडीसीत थर्ड शिफ्ट, म्हंजे रात्रपाळी केलीय. पहाटे चारला माणूस कसा असतो ते मला सूर्याचा फोटो लावून कुणी शिकवू नये. साधारण तीन ते पाच ह्या वेळेत अंगाचं तापमान सगळ्यात खाली येतं, डोळ्यात वाळू, पाय जड, शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येतं पण आत जात नाही. आमच्यातले जुने कारागीर चारच्या आसपास मशीनच्या सेटिंगला हात लावायचे नाहीत, चालू जॉब (मशीनवरचा नग) चालू द्यायचे. मी नवा होतो, मला वाटलं मी पक्का, मला काय होतंय. एका पहाटे टूलच्या ऑफसेटमध्ये, म्हंजे मशीनचं हत्यार किती सरकवायचं त्या आकड्यात, ०.०५ च्या जागी ०.५ भरला. स्क्रीनवर समोर दिसत होता आकडा, दोनदा बघितला, दोन्ही वेळा बरोबरच वाटला. अकरा जॉब रिजेक्ट झाल्यावर बाराव्याला माप बघायचा गेज लावला. त्या रात्री मला कुणी विचारलं असतं झोप येतीय का, तर मी शपथेवर नाही म्हणालो असतो.

तो तर लोखंडाचा जॉब होता. भाच्याचं वय सोळा. १३ ते १८ वयाच्या पोरांना ८ ते १० तास झोप पाहिजे, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ ला लिहून ठेवलंय, मोठ्यांना निदान ७ हे त्याच्या आदल्याच वर्षी. त्यात ह्या वयात शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं, रात्री झोप लवकर येतच नाही, तो आळस नव्हे आणि सगळा दोष मोबाईलचापण नव्हे (थोडा आहे, तो मी भाच्याला वेगळा ऐकवलाय). आपल्या सरकारलासुद्धा पटलं की, फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हणून आदेश निघाला, कारण काय दिलं, तर पोरांची झोप होत नाही. आणि आपण अकरावीच्या पोराला चार तासांत गुंडाळतोय.

२१ दिवसांचं राहिलंच. हा आकडा आला कुठनं, तर १९६० च्या एका पुस्तकातनं. लिहिणारा प्लास्टिक सर्जन, त्याचं म्हणणं एवढंच की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला 'निदान' वाटेत गळाला आणि चेहरापण गळाला. पुढं लंडनमध्ये ९६ जणांवर नीट बघितलं तर सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत. आणि ते कशाची सवय बघत होते? जेवताना फळ खाणं, थोडं फिरणं असली कामं. झोप कमी करणं ही सवयच नव्हे, ती उधारी आहे.

पाण्याचं एका ओळीत. तहान लागली तर प्या, पण दीड लिटर एकदम कशाला, आणि ज्यांचं हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे त्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं, त्यांना असला मेसेज पाठवणं म्हंजे खेळ नव्हे.

पहाटे वाचलेलं लक्षात राहतं, ह्यात अर्धं खरं आहे, ते मी मान्य करतो, नाइलाजानं. चारला शांतता असते. फोन वाजत नाही, शेजारचा मिक्सर नाही, कोण हाक मारत नाही. झोप पूर्ण झालेल्या माणसाला त्या वेळेत वाचायला बरं वाटतं, माझे वडीलपण असेच वाचायचे. पण ते आठच्या बातम्या ऐकून नऊला अंथरुणावर असायचे, हे कुणी सांगत नाही. आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. त्यातल्या स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या शेवटच्या भागात असतो, म्हंजे नेमकं तेच तास कापून आपण पोराला म्हणतोय वाच, लक्षात राहील.

यशस्वी माणसांवर काय बोलायचं. चारला उठून यश येत असतं तर गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन येणारे गवळी आज कोल्हापुरात सगळ्यात मोठ्या बंगल्यात राहिले असते. ते तर चारच्याही आधी उठतात, तेही पिढ्यान् पिढ्या, त्यांचा फोटो मी अजून एकाही मेसेजात बघितला नाही. पेपर टाकणारी पोरं, पहिली एसटी काढणारा ड्रायव्हर, मार्केट यार्डातले हमाल, सगळे उठतातच की. आणि पैलवान! दाजी तालमीचं उदाहरण देतात म्हणून सांगतो. पैलवान पहाटे चारला उठतो हे खरं, शाहूपुरीत जा नाहीतर मोतीबागेत जा. पण तो दुपारी जेवून ताणून देतो आणि रात्री नऊ-साडेनऊला तालमीतली लाईट बंद होते. वस्ताद खुराकावर जेवढं लक्ष ठेवतो तेवढंच झोपेवर. दाजींनी पैलवानाचं उठणं तेवढं उचललं, झोपणं तालमीतच ठेवून आले.

आता शास्त्र. मेसेजात खाली एक संस्कृत ओळ होती, 'ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत्'. आमच्या गल्लीतल्या वैद्यांना दाखवली, ते म्हणाले अष्टांगहृदय ह्या आयुर्वेदाच्या ग्रंथातली आहे, पण ओळ तोडलीय. पुढचा शब्द आहे 'स्वस्थो'. म्हंजे निरोगी माणसानं उठावं. आजारी, थकलेला, ज्याची झोप झाली नाही, तो ह्यात येत नाही. त्यांनी त्याच ग्रंथातलं झोपेवरचं पानपण काढून दाखवलं, तिथं लिहिलंय की सुख-दुःख, बळ-दुबळेपणा, इतकंच काय ज्ञान आणि अज्ञान हे झोपेच्या हातात आहे. ज्ञान आणि अज्ञान, दाजी! आणि ब्रह्ममुहूर्त म्हंजे चार वाजता हे तरी कुठं खरंय? एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त म्हंजे ९६ मिनिटं आधी ब्रह्ममुहूर्त लागतो. कोल्हापुरात जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर, म्हंजे ब्रह्ममुहूर्त साडेपाचच्या सुमारास. जूनमध्ये सहाच्या आसपास उगवतो, तेव्हा साधारण चार पंचवीस. चारला वर्षातनं एकदापण लागत नाही. म्हंजे शास्त्र पाळायचं म्हणून जे चालू केलं ते शास्त्रातपण बसंना.

आम्ही मग काय केलं ते सांगतो. लवकर उठण्याला माझा विरोध नाही, आधी झोपायची वेळ ठरवा मग गजर लावा एवढंच म्हणणं. भाच्याची झोप रोज पंधरा मिनिटं अलीकडं आणत आणत सव्वादहावर आणली, क्लासचं लिखाण निम्मं सकाळवर टाकलं. उठतो सव्वासहाला, रविवारीपण तेव्हाच. रविवारी दहापर्यंत लोळलं की सोमवारी परत पहिल्यापासनं सुरुवात. उठल्यावर मोबाईल नाही, गच्चीवर जाऊन उजेडात दहा मिनिटं. उजेडानं घड्याळ जागेवर येतं, आणि चारला गच्चीवर उजेड नसतो, फक्त डास असतात. मग सव्वातास वाचतो. वही बघितली परवा, अक्षर सरळ आहे.

पण ह्या सगळ्यात एक माणूस कुणाच्या हिशोबात नव्हता. पोरगं चारला उठणार म्हणून आक्का साडेतीनला उठत होती. चहा, पाणी तापवणं, 'उठलास का रे' म्हणून दोनदा हाक, मग डबा, मग तिचं स्वतःचं ऑफिस, रात्री भांडी आवरून पडायला साडेअकरा. चार तास. महिनाभर. भाच्याचं वय आहे, तो भरून काढेल, हिचं काय? मेसेजात तिच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही, कारण लिहिणाऱ्याला चहा कुणीतरी आणून देत असणार. दाजी स्वतः किती वाजता उठत होते हे मी विचारलं, तर म्हणाले 'मला ऑफिसचा ताण असतो, सात.'

तर दाजी, चारलाच उठायचं असलं तर जरूर उठा, माझी ना नाही. साखरेचा डबा गॅसच्या वरच्या फळीवर आहे, डावीकडनं दुसरा. झाकण घट्ट बसतं, जरा दाबून फिरवायला लागतं. आणि लायटर हळू मारा, आक्का झोपलीय.