निकाल लागेपर्यंत खायचं काय?

फौजीच्या घरी पैसा नाही, असं आमच्या सातारा भागात कुणाला सांगून बघा. हसतील. वाडीवाडीतली पोरं भरती झालेली, त्यामुळे पेन्शन, कँटीन, मिलिटरी हॉस्पिटल, पोरांच्या सवलती हे सगळं लोकांना तोंडपाठ. कुणाचा हप्ता अडला की पहिला फोन फौजीला जातो. आमच्या घरी यातलं काहीच येत नाही हे भावकीला पटायला फार वेळ लागला. काहींना अजूनही वाटतं की आम्ही लपवतोय.

आमचे हे मेडिकल बोर्डावर, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळानं सेवेला नालायक ठरवल्यावर, घरी आले ते कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी. मणक्याचा त्रास, डावा पाय बधिर. भरती झाले तेव्हा धडधाकट होते, तसं त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून दिलेलं. बाहेर काढताना बोर्डानं अपंगत्व तीस टक्के लिहिलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं की हा त्रास सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. बर्फातल्या पोस्टिंगवर पाठीवरून ओझी वाहिलेल्या माणसाच्या मणक्याबद्दल हे लिहिलंय. असो. सगळं घर त्या एका ओळीवर अडलंय. तिच्याविरुद्ध आम्ही दाद मागितलीय, निकाल अजून लागलेला नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी हिशेब मांडते. त्रास सेवेमुळे झाला किंवा वाढला असं मान्य झालं आणि अपंगत्व किमान वीस टक्के असलं, तर बोर्डानं बाहेर काढलेल्या जवानाला नोकरी कितीही वर्षांची असो, पेन्शन मिळते. तिचे दोन भाग. एक सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मे. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, तो शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, आणि अपंगत्व कमी तसा कमी. त्यातही पन्नासच्या खालचं अपंगत्व पन्नास धरतात. शेवटचा पगार समजा ३६,००० धरला, तर निम्मे १८,००० आणि तीस टक्क्यांचेही पन्नासच्या हिशेबानं निम्मे धरून वरचे ५,४००. महिन्याला २३,४०० आणि त्यावर महागाई भत्ता.

आणि ती ओळ विरुद्ध गेली तर? दहा वर्षं नोकरी झालेली असेल तर निदान इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे तब्येतीमुळे नोकरी सुटलेल्याची पेन्शन, तरी मिळते. यांची दहाला काही महिने कमी. २०२० मध्ये सरकारनं दहाच्या आतल्यांनाही ही पेन्शन खुली केली, पण माणूस बाहेरच्या नोकरीसाठीही कायमचा निकामी झालेला असावा अशी अट घातली. म्हणजे फौजेत राहायला नालायक आणि गावात वॉचमन व्हायला लायक, अशा मधल्या माणसाला ग्रॅच्युइटी घेऊन घरी जायचं. बारा-बारा तास उभं राहायची सिक्युरिटीची नोकरी मणका गेलेल्या माणसानं कशी करायची, हा रकाना बोर्डाच्या कागदात नसतो.

पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड नाही, म्हणजे औषधपाणी आपलं आपण. त्याहून कडू गोष्ट अशी की सरकारी व्याख्येप्रमाणे मेडिकलवर बाहेर पडलेला माणूस माजी सैनिक ठरायलाच मेडिकल किंवा डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर असावी लागते. पेन्शन नाही तर नोकरीतली राखीव जागा नाही, घरपट्टीची माफी मागायला गेलं तर ग्रामसेवक ओळखपत्र विचारतो. पंधरा ऑगस्टला मात्र सत्काराला नाव पुकारतात, नारळ देतात.

आता माझं म्हणणं. दावा प्रलंबित आहे असं ऑफिसात सहज म्हणतात. प्रलंबित कागद कपाटात पडून राहतो, त्याला भूक लागत नाही. घराला लागते. महिन्याला २३,४०० धरले तर वर्षाचे २,८०,८०० होतात. उद्या निकाल आमच्या बाजूनं लागला तर त्याचा अर्थ असा की इतकी वर्षं ही रक्कम आमची होती आणि सरकारनं वापरली. म्हणजे आम्ही सरकारला कर्ज दिलं. ते देण्यासाठी आम्ही कुठून आणलं? बचत गटातून, शेकडा दोन रुपये महिन्यानं. ज्यांना गट नाही ते खासगीत शेकडा पाचनं आणतात. फौजींचे दावे ऐकणाऱ्या ट्रिब्युनलच्या बऱ्याच आदेशांत ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर वर्षाला आठ टक्के व्याज द्या असं असतं, तेही मुदत उलटल्यानंतरचं. आमचं शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. मधला फरक कोण भरतं? घरातली बाई भरते. गळ्यातलं मोडून भरते.

सिव्हिल खात्यात पेन्शनचे कागद अडकले तर तात्पुरती पेन्शन सुरू करतात, मग हिशेब जुळवतात. अपील चालू असलेल्या जवानाला तसंच काहीतरी, निम्मं का होईना, दरमहा का देऊ नये? हरला तर पुढं हप्त्यानं परत करण्याची अट घाला. ही भीक नाही, मधल्या काळाचा जोखमीचा वाटा दोघांनी उचलायचा एवढंच. आज तो सगळाच्या सगळा आमच्या डोक्यावर आहे.

आणि वेळ किती लागू शकतो? धरमवीर सिंग नावाचे सिग्नल्स कोअरचे जवान. फिट्सच्या आजारावर १९९४ मध्ये बोर्डानं बाहेर काढले, अपंगत्व वीस टक्के. सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला २ जुलै २०१३ रोजी. एकोणीस वर्षं. कोर्टानं म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं धरायचं, नाही असं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. एवढं स्पष्ट सांगूनही प्रत्येक घराला पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागतं, कारण अपंगत्व पेन्शनच्या २००८ च्या नियमांत ते गृहीतक राहिलेलं नाही असं सरकारी बाजू सांगते. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती, तिनंही अपंग जवानांच्या विरोधात अपिलं करत बसू नका असंच सुचवलं. तरी अपिलं होतातच. जिंकल्यावरही वरचं कोर्ट असतं.

मधल्या काळात घर कसं चालवायचं याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. माझ्याकडे आता बऱ्याच जणी विचारतात.

घरातून एक वाक्य हद्दपार करा: 'एरियर्स (थकबाकी) आले की बघू.' या एका वाक्यावर लोकांनी ट्रॅक्टर घेतलेत, मुलींची लग्नं ठरवलीत. घरखर्चाच्या वहीत पेन्शनचा आकडा शून्य लिहा आणि जे हातात येतं तेवढ्यावर महिना बसवा. आमच्याकडे माझं शिवणकाम, शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या आणि हे चुलत दिरांच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरला बसतात ते. तिथे बसून काम आहे आणि दुखायला लागलं की आडवं होता येतं. पगार कमी आहे, पण मालक घरचा आहे.

बाहेर पडताना ग्रॅच्युइटी, फंड, इन्शुरन्सची रक्कम एकदम हातात येते आणि ती आल्याची बातमी बँकेच्या आधी गावाला कळते. स्लॅब टाकू, दिराला गाडी घेऊन देऊ, देवाला जाऊ. ती रक्कम म्हणजे बियाण्याचं पोतं समजा, दळायला न्यायचं नाही. आम्ही त्यातली बरीचशी मुदत ठेवीत घातली आणि व्याज तिमाहीला घेतो. त्यावरून सासूबाई दोन महिने बोलत नव्हत्या. आता त्याच पावतीवर शाळेची फी निघते, तेव्हा बोलतात.

दुकानदाराला खरं सांगा. आमच्याकडे पुरुषांना हे सगळ्यात जड जातं. हे उधारीच्या दुकानासमोरून जायचंच टाळायचे, लांबच्या रस्त्यानं यायचे. फौजेत शिकवलेला ताठपणा पाठीचा गेला तरी मानेचा जात नाही. शेवटी मी जाऊन सांगितलं, की महिन्याला एवढेच देऊ शकते, पण दहा तारखेला नक्की देते. वाणी म्हणाला, वहिनी, न सांगणाऱ्यांचीच मला भीती वाटते. लग्नकार्यात आहेराचं पाकीटही मी असंच कमी केलं. लोक बोलले. बोलून थकले.

हॉस्पिटलचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. भरती व्हायच्या आधी त्या हॉस्पिटलात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, असतो त्याला गाठा, बिल झाल्यावर नाही. जमीन विकू नका. आठवड्याच्या हप्त्याच्या मायक्रोफायनान्सपासून लांब राहा, ते वसुलीला अंगणात येऊन बसतात आणि मग घरातल्या आजारी माणसाची तब्येत अजून बिघडते. हे मी शेजारी बघितलंय.

तब्येतीवरून आठवलं. पैशाच्या ताणानं माणूस गप्प होतो. रात्री जागतो. ज्यांनी बंदूक हाताळलीय त्यांच्या गप्प होण्याकडे घरच्यांनी लक्ष द्यावं. टेलीमानस या मनाच्या आजारांच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. यात लाज कसली?

कागदांचं थोडक्यात. बोर्डाच्या सगळ्या कार्यवाहीची प्रत मागा, मिळाली नाही तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात मागा. भरतीच्या वेळची तपासणी, पोस्टिंगची यादी, इंज्युरी रिपोर्ट असेल तर तो, सगळं एका फाइलला. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत. सहा महिने उत्तर आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं दार उघडं असतं, आपल्यासाठी मुंबईचा बेंच. उशीर करू नका. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर उशिरा आलेल्याला थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच देतात. म्हणजे आपण घालवलेलं प्रत्येक वर्ष आपल्याच खिशातून जातं, सरकारला त्याची घाई असण्याचं कारण नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर अपंग व्यक्तीला आणि कुठल्याही बाईला कायद्यानं मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. जुलै २०२५ पासून वीर परिवार सहायता योजनेत सैनिक बोर्डांमध्येच कायदा मदत केंद्रं सुरू करायचं काम चाललंय. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. 'मिळालेल्या एरियर्समध्ये तीस टक्के माझे' असं म्हणणारे फिरत असतात. निकालाच्या रकमेत वाटा मागायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे, आणि जो वकील नाही त्याला तर चहा पाजून वाटेला लावा.

काही जण म्हणतील की खोटी अपंगत्वंही दाखवली जातात, साहेब लोक रिटायरमेंटच्या तोंडावर बीपी-शुगर लिहून घेतात. घेत असतील. त्यांना पकडा. पण त्यांच्या संशयावरून शिपायाचं ताट ओढू नका. मोठ्या पेन्शनवर थोडं जास्त मिळावं म्हणून भांडणं आणि पहिली पेन्शनच मिळावी म्हणून भांडणं यांना एकाच गठ्ठ्यात बांधतात, तिथेच सगळा घोळ आहे.

आमचं प्रकरण अजून चालू आहे. माहिती अधिकाराचा अर्ज ज्या नमुन्यात केला तो कुणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. सर्व्हिस नंबर, बँकेचा नंबर, बोर्डाच्या कागदाचा फोटो असलं काही इथे खाली कुणीही टाकू नका.